पदक सापडले? आधी त्याची कड वाचा

जुन्या घराची आवराआवर निघाली की ट्रंकेच्या तळाशी, देव्हाऱ्याच्या खणात किंवा आजोबांच्या चष्म्याच्या घरात एखादे पदक हमखास सापडते. एका बाजूला कुणा राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला चटकन न कळणारी अक्षरे, वर एक कडी आणि विटलेल्या फितीचा तुकडा. मग घरात तट पडतात. एक म्हणतो, सोनाराकडे नेऊन वजनावर मोडू. दुसरा मोबाइलवर पाहिलेल्या जाहिरातीचा दाखला देतो आणि लाखांचे आकडे बोलू लागतो. दोघांचेही सहसा चुकते. घरात सापडणाऱ्या बहुतेक पदकांची किंमत जाहिरातीतल्या आकड्याच्या आसपासही नसते. पण सगळीच पदके सोनाराच्या मुशीत टाकण्याच्या लायकीची असतात असेही नाही. फरक ठरतो तो वयावर नाही आणि धातूवरही फारसा नाही. पदक कुणाला दिले होते आणि ते आज सिद्ध करता येते का, यावर बाजारातली निम्म्याहून अधिक किंमत उभी असते.

पहिली पायरी साधी आहे: हातात आहे ते नाणे की पदक? नाण्यावर सहसा मूल्य लिहिलेले असते, पदकावर ते नसते. तरीही गफलत होतेच, कारण सरकार स्मारक नाणीही काढते. नेहरूंच्या निधनानंतर १९६४ साली निघालेले रुपया आणि पन्नास पैसे ही स्वतंत्र भारताची पहिली स्मारक नाणी. गांधी जन्मशताब्दीचे १९६९चे दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅमचे, ८० टक्के चांदीचे. छत्रपती शिवाजी महाराजांची छबी असलेले दोन रुपयांचे नाणे १९९९चे. यातली बरीच नाणी लोकांनी 'पदक' म्हणून जपून ठेवली आहेत. त्यांचा बाजार वेगळा, त्यांची सूचिपत्रे वेगळी आणि भावही बहुतेक वेळा माफक.

मूल्य नसेल आणि ते पदकच असेल, तर पुढचा प्रश्न प्रकाराचा. रणांगणावरच्या सेवेचे, दरबार-राज्यारोहणाच्या आठवणीचे, शाळा-विद्यापीठ किंवा प्रदर्शनातल्या बक्षिसाचे, रावसाहेब-रावबहादुर अशा किताबाचे, की देवळा-चर्चमधले? प्रत्येकाची भाषा निराळी. किताबाच्या बिल्ल्यावर किताबाचे नावच कोरलेले असल्याने तो ओळखायला सोपा. कैसर-ए-हिंद हे १९०० साली सुरू झालेले पदक लोकसेवेसाठी दिले जाई. गांधीजींना ते १९१५ साली मिळाले आणि असहकाराच्या वेळी, १९२० साली, त्यांनी ते परत केले. पंडिता रमाबाईंना ते १९१९ साली मिळाले. असे पदक कुणाच्या घरी सापडलेच, तर त्याच्यासोबत एक सनद किंवा निदान पत्र असण्याची शक्यता असते. ते पत्र शोधणे पदक पुसण्यापेक्षा शंभरपट महत्त्वाचे.

स्मृतिपदकांत सर्वाधिक गोंधळ उडवणारे पदक १२ डिसेंबर १९११च्या दिल्ली दरबाराचे. दर्शनी बाजूला पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांचे जोडमुखवटे, भोवती गुलाबांची माळ, आणि मागे चक्क फारसी मजकूर. राजाची बाजू झिजलेली असेल तर केवळ ती फारसी पाहून 'मोगलांचे काहीतरी' असा निष्कर्ष निघतो. वास्तविक १९०३च्या दरबाराच्या पदकावरही मागे फारसीच आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून फारसीला जो दरबारी मान होता, तो इंग्रजांनी समारंभापुरता शेवटपर्यंत सांभाळला. १९११चे सोन्याचे पदक दोनशेच्या आसपास लोकांना, म्हणजे मुख्यतः संस्थानिक आणि बड्या अधिकाऱ्यांना मिळाले. चांदीची पदके हजारोंनी वाटली गेली. १९३५च्या रौप्यमहोत्सवाची सुमारे ८५ हजार आणि १९३७च्या राज्यारोहणाची सुमारे ९० हजार पदके साम्राज्यभर गेली. या तिन्ही पदकांवर देतानाच नाव कोरण्याची पद्धत नव्हती. म्हणूनच सोबतचा कागद हरवला की पदक मुके होते. नाव कोरलेले एखादे दिसलेच तर ते पदकाच्या मालकाने नंतर खासगी कारागिराकडून कोरून घेतलेले असते.

याच प्रसंगी शाळकरी मुलांना वाटलेली पितळी किंवा अॅल्युमिनियमची पदकेही अनेक घरांत निघतात. ती मोठ्या संख्येने निघाली होती. मोल फार नसले तरी ती टाकू नयेत. एखाद्या गावाचे, नगरपालिकेचे किंवा संस्थानाचे नाव त्यांवर असेल तर स्थानिक इतिहासाला ती उपयोगी पडतात. बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर, कोल्हापूर या मराठी दरबारांच्या पदकांना तर इंग्रजी राजाच्या सामान्य पदकापेक्षा अनेकदा जास्त चाहते मिळतात.

महाराष्ट्राच्या दृष्टीने खरा ऐवज आहे तो पहिल्या महायुद्धाच्या पदकांत. सातारा, रत्नागिरी, रायगड, नगर, पुणे या भागांतून मराठा पलटणींत गेलेल्या माणसांच्या वारसांकडे दोन पदकांची जोडी मिळते. एक चांदीचे: ३६ मिलिमीटर व्यासाचे, सुमारे एक औंसाचे, पुढे पंचम जॉर्ज आणि मागे प्रशियाची ढाल घोड्याच्या टापेखाली तुडवणारा नग्न घोडेस्वार, बाजूला १९१४ आणि १९१८ ही साले. दुसरे कांस्याचे: पंख पसरलेली विजयदेवी आणि इंद्रधनुष्यी फीत. ज्यांनी १९१५पर्यंत रणभूमीवर पाऊल ठेवले त्यांना कांस्याचा ताराही मिळाला. जगभर ही पदके लाखांनी दिली गेली. केवळ चांदीचे युद्धपदकच साठ लाखांहून जास्त. भारतातल्या, चीनमधल्या आणि माल्टातल्या श्रमिक तुकड्यांना तेच पदक कांस्यात दिले गेले. साम्राज्यानेही मजूर आणि शिपाई यांच्यात धातूची पंगत वेगळी मांडली होती. आज ते कांस्याचे पदक चांदीच्यापेक्षा दुर्मीळ आहे, हा त्यातला विनोद.

इतकी संख्या म्हटल्यावर किंमत ती काय असणार? इथेच कड वाचायची. पदक तिरपे धरून, उजेडात, भिंगाने. गोल पदकांच्या कडेवर आणि ताऱ्याच्या पाठीवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. नावाचे इंग्रजी स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून असल्याने 'शिंदे', 'सावंत', 'मोरे' यांची नाना रूपे दिसतात. त्याला बिचकू नये. पलटणीचा आकडा जास्त बोलतो. १९२२च्या पुनर्रचनेआधी मराठ्यांच्या पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांनी ओळखल्या जात. त्यानंतर त्या सगळ्या पाचव्या मराठा रेजिमेंटच्या बटालियन झाल्या. म्हणजे कडेवर '११० मराठा' असेल तर माणूस १९२२पूर्वीचा. आणि १०३, ११० किंवा ११७ असेल तर कान टवकारावेत. या तिन्ही पलटणी सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये होत्या, आणि मेसोपोटेमियातल्या कुट-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ एवढा तो वेढा चालला आणि उपासमारीने थकलेल्या सैन्याने शरणागती पत्करली. पुढचा तुर्कांच्या कैदेतला प्रवास अनेकांना संपवता आला नाही. अशा पदकाचा मालक कुटमध्ये होता हे कागदाने दाखवता आले, तर तेच सामान्य पदक संग्राहकांच्या यादीत वरच्या ओळीत जाते. '१११ महार' असेल तर तीही दुर्मीळ खूण: ही पलटण १९१७ साली उभी राहिली आणि काही वर्षांतच मोडली गेली. आजची महार रेजिमेंट १९४१ची.

युद्धात मेलेल्याच्या घरी आणखी एक वस्तू येई: सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची जड कांस्य तबकडी, तीवर त्रिशूळधारी ब्रिटानिया, सिंह आणि मृताचे नाव. हुद्दा मुद्दाम वगळलेला, कारण मरणात सारे समान असे धोरण होते. अशा तेरा लाखांहून अधिक तबकड्या घडवल्या गेल्या. आपल्याकडे त्या कधी देवघरात पुजल्या गेल्या, कधी झाकणे म्हणून वापरल्या गेल्या. तबकडीवर फक्त नाव असल्याने एकाच नावाच्या अनेक माणसांतून आपला कोणता, हे ठरवायला पदकावरचा क्रमांक लागतो. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदी नावाने विनामूल्य शोधता येतात. फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या स्मारकावर चार हजार सातशेहून जास्त भारतीयांची नावे आहेत, आणि आपल्या पुण्यात खडकीलाही महायुद्धाचे स्मारक आहे. पदक आणि तबकडी वेगवेगळ्या भावांच्या वाट्याला गेलेली असतील तर निदान फोटोपुरती तरी त्यांची भेट घडवावी.

कंपनीच्या काळातली पदके घरात सापडणे विरळा. पण महाराष्ट्राचा संबंध त्यांच्याशी फार जवळचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७८४ साली काढलेले 'डेक्कन' पदक पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात लढलेल्या देशी सैनिकांसाठी होते. देशी शिपायांना पदक देण्याची रीत तिथून सुरू झाली, आणि ती मराठ्यांविरुद्ध लढण्याबद्दल. श्रीरंगपट्टणच्या १७९९च्या लढाईचे पदक बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत घडले. त्यावर ब्रिटिश सिंह टिपूच्या वाघाला लोळवतो आहे. सेनापतींना ते सोन्यात, साध्या शिपायांना कथिलात. मुंबईच्या फौजेतले लोकही त्या लढाईत होते. आणि १८५१ साली जाहीर झालेल्या 'आर्मी ऑफ इंडिया' पदकाच्या फितीवरच्या पट्ट्या वाचल्या तर पेशवाईच्या शेवटाचा नकाशाच समोर येतो: असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव, सगळी इंग्रजी वळणाच्या जुन्या स्पेलिंगांत. लढाया झाल्या १८०३ ते १८२६ या काळात. पदक जिवंत असलेल्यालाच मिळणार होते आणि तेही अर्ज केल्यावर. पंचवीस ते पन्नास वर्षांनंतर खेड्यातला किती म्हातारा शिपाई असा अर्ज करणार? म्हणून देशी नावांची ही पदके अतिशय कमी आहेत आणि पट्ट्या बदलून, नावे घासून केलेल्या नकला मात्र बऱ्याच. घरात असे काही निघाले तर ते तज्ज्ञाच्या हाती जाईपर्यंत कुणालाही विकू नये. 'दहा हजार आत्ता रोख' म्हणणाऱ्याला तर नाहीच.

दुसऱ्या महायुद्धाच्या बाबतीत लगेच सांगून मोकळे व्हावे. सहा टोकांचे तारे (ब्रह्मदेश, आफ्रिका, इटली), डिफेन्स मेडल, सिंह आणि दुतोंडी ड्रॅगनचे युद्धपदक आणि भारताच्या नकाशाचे इंडिया सर्व्हिस मेडल: सगळे मुबलक, धातू साधा, किंमत कमी. भारतीयांना दिलेल्या अनेक पदकांवर नाव आढळते, त्यामुळे कड इथेही वाचावी. अपवाद शौर्यपदकांचा. पाचव्या मराठा रेजिमेंटच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना इटलीच्या मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. इतक्या उंचीची पदके कुणाच्या ट्रंकेत अचानक सापडत नाहीत. त्यांचा ठावठिकाणा बहुधा माहीत असतो. पण त्याखालच्या श्रेणीची, इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडलसारखी पदके विस्मृतीत गेलेली असू शकतात.

स्वातंत्र्यानंतरची पदके वाचताना गंमत येते. १५ ऑगस्ट १९४७ची आठवण सांगणाऱ्या पदकावर अशोकचक्र आहे आणि त्या चक्रावर ब्रिटिश मुकुट! मागे तीन सिंह. नवे राष्ट्र आणि जुना राजा एका तबकडीवर नांदलेले, असे दुसरे उदाहरण पटकन आठवत नाही. पुढच्या जनरल सर्व्हिस मेडलवर पट्टी पाहावी: जम्मू-काश्मीर, नागा हिल्स, लडाख १९६२, आणि गोव्यात शिरलेल्या जवानांसाठी 'गोवा १९६१'. १९६५चे समर सेवा स्टार, १९७१चे पश्चिमी आणि पूर्वी स्टार ही नावे घरात बोलली जातातच. यांची बाजारकिंमत थोडी असते. कुटुंबाच्या दृष्टीने मात्र सेवेचा हा पहिला पुरावा असतो, कारण कड तोंडी आठवणीपेक्षा जास्त भरवशाची. ताम्रपट हा वेगळा प्रकार. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १९७२ साली, स्वातंत्र्यसैनिकांना तो दिला गेला, आणि तो पदकांच्या बाजारात आणू नये असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

आता फसव्यांची रांग. पदकावर लिहिलेले साल म्हणजे पदक घडवल्याचे साल नव्हे, हे ध्यानात ठेवले की अर्धी फसवणूक टळते. गोव्यात, वसईत ख्रिस्ती घरांत मिळणाऱ्या मरियामातेच्या लंबगोल पदकावर १८३० लिहिलेले असते. ते पॅरिसमधल्या दर्शनाचे साल आहे. पदक गेल्या वर्षी घडलेलेही असू शकते. त्याहून धोकादायक आहेत राम-सीता-हनुमान आणि '१८१८, ईस्ट इंडिया कंपनी' असे लिहिलेले तांब्याचे तुकडे. कंपनीने असे नाणे कधी काढलेच नाही. ही मागाहून पाडलेली टोकने आहेत. काही पूजेसाठी, काही थेट फसवण्यासाठी. 'राइस पुलर', म्हणजे तांदूळ ओढून घेणारी चमत्कारी धातूवस्तू, या नावाने हेच तुकडे कोटींत विकण्याच्या टोळ्या पोलिसांनी अनेकदा पकडल्या आहेत. जुनी नाणी आणि नोटा विकत घेतो म्हणून आधी 'शुल्क' किंवा 'कर' मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर इशारा दिला, तोही याच धंद्याला उद्देशून.

खरे पदकही खोटे केले जाते. साध्या शिपायाचे नाव घासून त्या जागी अधिक मोलाचे नाव ठोकायचे, ही जुनी युक्ती. पण घासल्यावर त्या जागी धातू कमी होतो. म्हणून व्हर्नियर कॅलिपरने व्यास दोन-तीन दिशांनी मोजावा. एका दिशेला पाव-अर्धा मिलिमीटर कमी भरला तर संशय पक्का. ओतीव नकलेवर अक्षरे मऊ, बुळबुळीत दिसतात, पृष्ठभागावर बारीक खळगे असतात आणि कडेला साच्याची रेघ उमटते. ठोकलेल्या अस्सल पदकाच्या अक्षरांची धार, झिजल्यावरही, बोटाला कळते. मुखवट्याच्या गळ्याखाली शिल्पकाराची सही सापडते का ते पाहावे. विलायती बक्षीसपदकांच्या कडेवर हॉलमार्क असतो: चालता सिंह म्हणजे चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, चित्त्याचे तोंड म्हणजे लंडन, आणि शेजारच्या अक्षरावरून साल. एकोणिसाव्या शतकातल्या 'प्रदर्शन' पदकांत, उदाहरणार्थ लंडनच्या १८८६च्या वसाहती आणि भारतीय प्रदर्शनाच्या कांस्यपदकात, वायन घराण्यातल्या कारागिरांची सही वारंवार दिसते.

धातू ओळखण्यासाठी सोनाराच्या कसोटीवर पदक घासू देऊ नये. ती रेघ कायमची राहते. क्ष-किरणांनी शुद्धता मोजणारे यंत्र आता बऱ्याच सराफांकडे असते, त्याने ओरखडा उठत नाही. घरीही अंदाज येतो. लोहचुंबकाला चिकटले तर आशा सोडावी. दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि फीत सोडवलेले पदक दोऱ्याने, तळाला न टेकवता, पाण्यात सोडावे. कोरड्या वजनाला या नव्या आकड्याने भागले की घनता मिळते. ३१ ग्रॅमच्या चांदीच्या पदकाला काटा तीनच्या आसपास दाखवतो, पितळेच्या पदकाला साडेतीनच्या पुढे, कथिलाच्या पदकाला चारच्याही पुढे. सुवर्णपदक म्हणजे सोन्याचे, हीही एक गैरसमजूत. ऑलिंपिकचे सुवर्णपदक १९१२नंतर निव्वळ सोन्याचे राहिलेले नाही. आजच्या पदकात चांदीवर किमान सहा ग्रॅम सोन्याचा थर असतो. संगीताच्या मैफलींत, कुस्तीच्या आखाड्यांत, नाटकमंडळींत दिलेली जुनी 'सुवर्णपदके' बहुधा मुलाम्याची. पण त्यावर देणाऱ्या संस्थानिकाचे आणि घेणाऱ्या गायकाचे नाव असेल तर सोन्याचा प्रश्नच गौण होतो.

आणि घासणे! चिंच-मीठ, राख, भांड्यांची पावडर, ब्रासो, टूथपेस्ट यांनी जेवढी पदके मारली तेवढी चोरांनी मारली नसतील. चांदीवरचा काळपट राप हा पदकाचा वयाचा दाखला आहे. तो गेला की संग्राहक पाठ फिरवतो, आणि उंचवट्यावरचे बारीक काम कायमचे पुसले जाते. मऊ सुती कापडाने धूळ झटकावी, कडा धरून हाताळावे, रबरबँड लावू नये (त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते), मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नये. विटलेली मूळ फीत काढून नवी चमचमीत लावणे हेही नुकसानच.

किमतीकडे येताना तीन वेगळ्या किमतींत घोळ करू नये. मोडीची किंमत वजनावर. विम्याची किंमत तेच पदक पुन्हा मिळवायला काय पडेल यावर. बाजारभाव प्रत्यक्ष विक्रीवर. विकणाऱ्याने संकेतस्थळावर लावलेला आकडा ही चौथी गोष्ट, आणि ती किंमत नव्हे, इच्छा आहे. लिलावाच्या निकालपत्रातले, हातोडा पडल्यानंतरचे आकडेच पाहावेत. त्यातही खरेदीदार वर जादा शुल्क देतो आणि विकणाऱ्याच्या हातातून कमिशन जाते. मुंबईत टोडीवाला यांच्यासारखी लिलावगृहे आहेत, लंडनमध्ये स्पिंक आणि नूनन्स. ब्रिटिश भारताच्या स्मृतिपदकांसाठी रॉबर्ट पडेस्टर यांचा २००२चा ग्रंथ हा आधार मानला जातो आणि लिलावाच्या सूचीत त्यातले क्रमांक दिलेले असतात. एकटे, सामान्य शिपायाच्या नावाचे चांदीचे युद्धपदक चांदीच्या भावाच्या फार वर जात नाही. १९८०च्या सुरुवातीला चांदी भडकली तेव्हा म्हणूनच ही पदके ढिगाने वितळवली गेली. मात्र एकाच माणसाची तीन-चार पदके, एकाच बारवर, सोबत डिस्चार्ज बुक, फोटो आणि पत्र, असा संच झाला की बेरीज बदलते. संच फोडून तीन भावांनी तीन पदके वाटून घेतली की तिघांचेही नुकसान.

माणसामुळे धातूची किंमत कुठवर जाते याचे टोकाचे उदाहरण शास्त्रज्ञ जेम्स वॉटसन यांच्या नोबेल पदकाचे. सुमारे दोनशे ग्रॅम सोन्याचे हे पदक २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ४१ लाख डॉलरच्या बोलीवर गेले, आणि घेणाऱ्या रशियन धनिकाने ते त्यांना परतही केले. आपल्याकडे खाशाबा जाधवांचे हेलसिंकीचे कांस्यपदक आहे. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९५२ साली आले. त्यांच्या गोळेश्वर गावी कुस्ती अकादमी उभी राहावी म्हणून २०१७ साली कुटुंबाने तेच लिलावात काढण्याची तयारी जाहीर केली, तेव्हा महाराष्ट्राला चटका बसला. त्या कांस्याचे वजनावर किती रुपये होतील, हे तेव्हा कुणीही विचारले नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम १९७२ नुसार शंभर वर्षे पूर्ण झालेली नाणी आणि कलावस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत येऊ शकतात आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणजे अमेरिकेतल्या नातवाने पणजोबांचे १९११चे पदक आठवण म्हणून बॅगेत टाकण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करावी. दुसऱ्या महायुद्धाची पदके अजून त्या वयाची नाहीत. वाड्याची भिंत पाडताना किंवा पाया खणताना ऐवज निघाला तर प्रकरण वेगळे: १८७८चा निखातनिधी कायदा आजही लागू आहे आणि दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. दहा रुपयांची ती मर्यादा एकोणिसाव्या शतकातली आहे, बदललेली नाही.

विचारायचे कुणाला? नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय आहे. या संस्था भाव सांगत नाहीत, सांगूही नयेत. पण ओळख पटवायला मदत होते. मराठा पलटणींच्या नोंदींचे केंद्र बेळगावला, आणि माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. पत्र लिहिताना पदकाच्या दोन्ही बाजूंचे आणि कडेचे स्पष्ट फोटो, व्यास, वजन आणि कडेवरचा पूर्ण मजकूर अक्षरशः द्यावा. 'जुने मेडल आहे, किंमत सांगा' एवढ्याला उत्तर येत नाही.

विकायचे असेल तर विकावे, त्यात पाप नाही. पण त्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बसवून पदक कुणाचे, तो कुठल्या पलटणीत होता, कुठे गेला, परत आला की नाही, हे तारखेनिशी एका कागदावर लिहून घ्यावे, खाली सही घ्यावी, आणि त्या कागदाची एक प्रत पदकासोबत जाऊ द्यावी.